पाय धुण्याचं फुटेज

२ एप्रिल

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत. म्हणाले, संध्याकाळनंतर स्क्रीन बंद, आणि दिवसभरात जे झालं ते हातानं लिहून काढा, डोकं हलकं होईल. मी विचारलं, नुसतं बोललं की आपोआप लिहून निघतं असं एक नवीन आलंय, ते चालेल का? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून चपला घातल्या. शुभांगी रिक्षात बसेपर्यंत हसत होती. "बायकोचं तं कधी ऐकलं नाही, आता डॉक्टरचं ऐका."

तर हे लिहिणं. अक्षर पार बिघडलंय.

आजचं काम: शून्य. सकाळी मधली उघडली तर तिचा अवतारच बदललेला. काल जिथं कापायचं बटण होतं तिथं आज 'मी काय मदत करू?' असा चौकोन. बटण शोधता शोधता जेवायची वेळ झाली. जेवून आल्यावर, बटण कुठं गेलं हे समजावणाऱ्या एका पोराचा व्हिडिओ पाहिला. शेवटी तो म्हणाला, हे सॉफ्टवेअर आता जुनं झालं मित्रांनो. आणून तीन महिने नाही झाले.

३ एप्रिल

पुढं मागं मलाच कळेनासं होईल म्हणून लिहून ठेवतो. थोरली म्हणजे माझं जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर. शुभांगीच्या आधी घरात आलेलं. कुरकुरते, पण हाताला पाठ आहे. मधली यंदा जानेवारीत आणली. लग्नाचं सगळं शूटिंग तिच्यात ओतायचं, ती आपणच पाहते, चांगलं-वाईट निवडते, गाणं चढवते, आणि तीन मिनिटांची चकचकीत फिल्म काढून देते. धाकटी अजून आणली नाही, नुसती बघून आलोय. एक फोटो दिला की त्यातला माणूस हालतो, चालतो.

नावं शुभांगीनं ठेवली. कौतुकानं ठेवली असं नाही.

६ एप्रिल

दिलीप कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड द्यायला आला. शूटिंग तो करतो, कापाकापी मी. कॉलेज सुटल्यापासून असंच चाललंय, या जिन्यावरच्या खोलीत. खाली राईस मिलचा रस्ता, खिडकी उघडली की कोंडा, बंद केली की भट्टी. पाणी प्यायला, माझ्या स्क्रीनकडं बघत उभा राहिला.

"तू शिकून राहिला का काम करून राहिला?"

"दोन्ही."

"मागच्या खेपेलेबी तू शिकूनच राहिला होता."

फेब्रुवारीपासूनचे मोठे व्हिडिओ सगळे पडून आहेत. छोट्या फिल्मा गेल्या, लोकांनी स्टेटसला ठेवल्या, सगळे खूश. मोठा व्हिडिओ म्हणजे तो चार तासांचा, ज्यात मांडवाच्या खांबासकट अख्खं गाव दिसतं. तो कोणी घाईनं मागत नाही. म्हणून मीही...

१० एप्रिल

शहापूरची पार्टी. नवरदेव स्वतः आला होता. "मी ढगातून उतरलो पायजे. घोडा नको, घोडा सगळ्यायचाच असते." वर ऐकवून गेला की स्टेशनच्या रस्त्यावर जो नवा स्टुडिओ झालाय तो वरात घरी पोचायच्या आत फिल्म देतो. करून देऊ म्हणालो. मला येत नाही ते. शिकावं लागेल.

भीती वाटते. चाळिशी उलटून गेलेली, येतो तो एकच धंदा, आणि तो धंदा दर सोमवारी नवा होऊन बसतो. आठवडाभर धावून मी फक्त मागच्या सोमवारपर्यंत पोचतो.

१३ एप्रिल

आजपासून नियम. एक सिझन, एक सॉफ्टवेअर. आमचे बाबा म्हणायचे, धानाचे पऱ्हे टाकले की वाण बदलायचं नाही. जे रोवलं ते कापायचं, पुढच्या साली पाहू. बाबांची शेती दीड एकर, पण म्हणणं मोठ्या शेतकऱ्याचं. सकाळी उठून नवीन काय आलं ते बघायचं नाही. आधी एक मोठा व्हिडिओ पुरा, मग बाकी जग.

१५ एप्रिल

नियम मोडला. धाकटी आणली. पहिला महिना फुकट म्हणून. शुभांगीच्या वरणात मीठ जास्त पडलं.

तिचं बरं आहे. मोबाईलमधलं असलंच एक तीही वापरते की. शाळेचे अहवाल त्याच्याकडून लिहून घेते, वाचते, दोन ठिकाणी दुरुस्त करते, बंद करते, आणि लसूण सोलायला बसते. मी म्हटलं, अगं त्याच्याहून भारी आलंय. म्हणाली, "जुनं बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. विषय संपला.

१९ एप्रिल

सुखरामकाका गेले. दिलीपचा फोन. सकाळी तलावावरून आले, जाळं भिंतीवर टाकलं, पाणी मागितलं. काकू गडवा घेऊन बाहेर आल्या तोवर संपलेलं होतं.

आंबागडच्या बाजूचे. जातीनं ढिवर, गावतलावातली मासोळी आणून इथं बाजारात बसायचे. मी नेहमीचा गिऱ्हाईक. तोलून झाल्यावर एक जास्तीची टाकायचे, आणि मी काही बोललो की दुसरीकडं बघायचे. कोणाच्या तोंडाकडं पाहून बोललेले मला तरी आठवत नाहीत. लाजाळू म्हणावं तर तसंही नाही. फेब्रुवारीत त्यांच्या प्रणालीच्या लग्नाचं शूटिंग आम्हीच केलं. शहापूरला दिली. एकुलती एक.

तिचाही मोठा व्हिडिओ माझ्याकडं पडून आहे.

२१ एप्रिल

भेटायला जाऊन आलो, दिलीपच्या गाडीवर. ऊन असं की हँडलला हात लावला तर चटका. प्रणाली सासरहून आलेली, आईजवळ बसलेली. जाळं अजून भिंतीवरच. कोणी काढलं नव्हतं.

काकूंनी मला ओळखलं. "बाबू, व्हिडिओवाला न तू? पाय धुतानाचे हायेत न थे त्याच्यात?"

"आहेत की काकू."

"मी बाजूलेच होती. पाणी टाकत होती. पन डोळ्याले पदर, मले काही दिसलं नाही. हे पोरगी म्हनते, बाबानं एकदाबी माझ्याकडं वर नाही पाहिलं. असं कसं होईन? मले तेवढं पाहाचं हाय."

प्रणाली खाली बघत होती. मी म्हटलं, या महिन्यात देतो. नक्की देतो.

आमच्याकडं लग्नात सगळ्यात रेंगाळणारा कार्यक्रम तोच. नवरानवरीचे पाय परातीत. एकेक नातेवाईक येतो, पाणी टाकतो, कुंकू लावतो, भांडं नाही तर पाकीट ठेवतो, आणि भोंग्यावरून त्याचं नाव पुकारतात. सगळ्यात शेवटी आईबाप. बाहेरच्याला बघायला कंटाळवाणं. पण घरचे लोक मोठा व्हिडिओ लावतात तो त्यासाठीच. कोण आलं, कोणी काय आणलं, कोण तोंड फिरवून गेलं. यंदा पहिल्यांदा असं झालं की एकाही घरी तो अजून पोचला नाही.

२५ एप्रिल

नाही.

पाय धुणं नाही.

सकाळी ठरवून बसलो, आज फक्त प्रणालीचं काम. हळद आहे, वरात आहे, दिलीपच्या ड्रोनमधून तलाव आहे, मैत्रिणी नाचतात ते तीन बाजूंनी आहे. पाय धुण्याचे दोन तुकडे, त्यात परात आणि मेंदीचे पाय, छान उजेड. बाकी सगळं गाळलेलं. कारणही लिहिलंय मधलीनं, मीच कधी वाचलं नव्हतं: एकसारखी दृश्यं. हालचाल नाही. चेहरा दिसत नाही.

आणि कार्ड मी पुसलंय.

माझा जुना नियम होता. घरच्यांनी मोठा व्हिडिओ पाहून 'झालं बाप्पा' म्हटल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. दिलीप चिडायचा, कार्डं अडकून राहतात म्हणून. मार्चमध्ये रोजची लग्नं, कार्डं कमी पडली, आणि मधलीत हिरवी खूण आली: सगळं सुरक्षित. मी खूण पाहिली आणि पुसलं. सगळं म्हणजे तिनं निवडलेलं सगळं. उरलेलं तिनं घेतलंच नव्हतं.



२६ एप्रिल

पुसलेलं परत आणायचं एक सॉफ्टवेअर असतं. दिवसभर चालवलं. कोणाची तरी हळद निघाली, एक अर्धा घोडा, कोणा मामाचा फेटा. त्या कार्डावर नंतर किती लग्नं चढली देव जाणे. सुखरामकाकांचं एक बोटही नाही.

२७ एप्रिल

दिलीपला सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी घेतलं होतं न बे. परातीपाशी मांडी घालून घेतलं. लय वेळ धरून होतो."

"काय केलं काकांनी?"

"काही नाही. पाय धुतले. स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसले. मंग पाय धरून बसूनच राहिले, मुंडी खाली. मी म्हटलं आता पाहतीन वर, आता पाहतीन, म्हणून कॅमेरा हालवलाच नाही. लोकं मांगून चलो चलो करून राहिले."

"पाहिलं?"

"नाही पाहिलं."

म्हणजे तेवढा वेळ एक माणूस मान खाली घालून बसलाय, एवढंच होतं त्यात. मधलीचं बरोबरच म्हणायचं. हालचाल नाही, चेहरा दिसत नाही.

२९ एप्रिल

शुभांगी म्हणाली, "जा अन् सांगून या. चूक झाली म्हणा. माणसंच आहेत ते."

सांगतो म्हटलं. गाडीला किक मारली, बाजारापर्यंत गेलो, कलिंगड घेऊन परत आलो.

झोप पुन्हा गेली. पहाटे उठून बसतो आणि मोबाईलवर नवीन काय आलंय ते बघतो. उद्या असं काहीतरी येईल जे पुसलेलं परत आणेल, असं वाटत राहतं. लहान पोरासारखं.

२ मे

प्रणालीच्या मावसभावाच्या मोबाईलमध्ये एक फोटो निघाला. काका परातीशी वाकलेले, अर्धा चेहरा, खांद्यावर दुपट्टा. त्यानं सहज पाठवला. मी सहज धाकटीला दिला. सहज म्हणजे, खोलीचं दार लावून.

पहिल्या खेपेला काका कॅमेऱ्याकडं बघून बत्तीशी काढून हसले. त्यांना तेवढे दात तरी होते का. दुसऱ्या खेपेला परातीतलं पाणी वर चढू लागलं. मला हसू आलं, आणि मग लाज वाटली.

बंद केलं.

३ मे

पुन्हा उघडलं.

५ मे

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. या वर्षात माझ्याकडून असं काम झालं नव्हतं. सकाळी बसलो, शुभांगीनं दोनदा हाक मारली तेव्हा ताटावर गेलो. कोणाचा व्हिडिओ पाहिला नाही, नवीन काय आलं ते पाहिलं नाही. फक्त काकांची मान. ती कशी वाकते. दुपट्ट्याचा काठ कुठं ओला होतो. बाजारात ते मासोळी पुसायचे ते हात आठवून आठवून सांगत होतो, नाही, असं नाही, हळू. भूक लागली, झोप लागली. डॉक्टर हेच म्हणत होते ना, एका कामात मन घाला.

मन घातलं. कशात घातलं ते डॉक्टरांना सांगायची सोय नाही.

७ मे

झाली. आठ सेकंद. पाय पुसतात, थांबतात, वर पाहतात.

ते वर पाहणं मी सांगितलं नव्हतं. उलट काढ म्हणून कितीदा लिहिलं. मान खालीच ठेव, डोळे नकोत. तरी शेवटी पाहतातच. धाकटीनं दुनियेतले इतके बाप पाहिलेत की बाप वर पाहतोच असं तिला वाटतं.

दिलीपला दाखवली. दोनदा पाहिली त्यानं.

"हे थे नाहीत."

"हुबेहूब आहेत, दिल्या."

"म्हणून तं." हेल्मेट उचललं आणि गेला. चहा तसाच.

९ मे

शहापूरला जाऊन आलो. एकटा. प्रणालीला फोन करून हायवेवर बोलावलं, रसवंतीवर. नणंद सोबत होती, ती लांबच्या बाकावर बसली.

सांगितलं. कार्ड, हिरवी खूण, सगळं. रसवंतीच्या घुंगरात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता, दोनदा सांगावं लागलं. तिनं रडावं किंवा बोलावं म्हणून थांबलो. ती ग्लासवरचं पाणी बोटानं पुसत राहिली.

"मले मालूम हाय भाऊ, त्यायनं नाही पाहिलं वर. मी वाटच पाहत होती. त्यायचे हात कापत होते, मले पायाले समजत होतं. मी म्हटलं, बाबा उठा. नाही पाहिलं. मंग गाडीत बसेपर्यंत मी रागावूनच होती." मग म्हणाली, "व्हिडिओत पाहीन म्हटलं होतं. तोंड कसं होतं त्यायचं तेवढं."

क्लिपचंही सांगितलं. लपवायचं तर आलोच कशाला. ती एकदम म्हणाली, "नको. मले नको ते. पुसून टाका." आईला मीच सांगीन, तुम्ही नका येऊ, असंही म्हणाली.

परत येताना रडलो. हेल्मेटमध्ये बरं असतं. खूप दिवसांनी छाती मोकळी वाटली.

१० मे

पुसली नाही. क्लिप माझ्याकडं उतरवूनही घेतली नाही, तिकडं इंटरनेटवर धाकटीच्याच घरी पडून आहे. पुसायचं बटण लाल असतं. आज नको म्हटलं.

१४ मे

थोरलीकडं परत आलो. मधलीला जवळ येऊ देत नाही. मोठे व्हिडिओ हातानं कापतोय, एक झाला, दुसरा अर्ध्यावर. पंगती, आहेर, भोंगा, वाढप्यांची भांडणं, सगळं ठेवतो. शहापूरच्या नवरदेवाला ढग जमणार नाही म्हणून कळवलं. तो स्टेशनकडच्या स्टुडिओत गेला. जाऊ दे. म्हणजे, जाऊ दे असं म्हणतोय. दिवसातून दोनदा त्या स्टुडिओचं पेज उघडून बघतो.

उन्हाळी धान निघालंय, मिल जोरात. की-बोर्डवर बोट फिरवलं तर कोंड्याची रेघ उमटते. दिलीप येत नाही, कार्ड चहावाल्याकडं ठेवून जातो.

१८ मे

काकू आल्या. प्रणाली सोबत. न सांगता.

जिना चढून आल्या, दम लागलेला, मी खुर्ची दिली तर खालीच बसल्या भिंतीला टेकून. पिशवीतून डबा काढला. सुकवलेली मासोळी. "यायच्या हातची शेवटची हाय. तुले आवडते म्हने." मी प्रणालीकडं पाहिलं. तिनं हळूच मान हलवली. म्हणजे आईला सांगितलेलं नाही. सांगता आलं नाही.

"लाव बाबू. मी पाहूनच जाईन."

लावलं. दुसरं काय करणार? हळद लागली, काकू प्रत्येकाला नावानं ओळखत होत्या. ही पारडीची, हा गेल्या साली वारला त्याचा भाऊ, इनं लुगडं माझंच नेसलं हाय. वरात. पंगत. काका पंगतीत वाढताना एकदा दिसले, पाठमोरे. काकू पुढं सरकल्या. "आता पाय धुनं येईन." मग परात आली, मेंदीचे पाय आले, आणि एकदम पाठवणी.

"मधलं काऊन नाही?"

मी म्हटलं, "काकू, ते..." सगळं वाक्य पाठ होतं. चूक झाली, माझ्याकडून पुसलं गेलं, शुभांगीनं शिकवलं तसं. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या, कसलाच संशय नसलेल्या.

प्रणाली म्हणाली, "भाऊ, ते अलग ठेवलं हाय न. ते लावा."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं परत म्हटलं, "लावा न."

लावलं. इंटरनेट अडकत होतं, गोल गोल फिरलं, मग आलं. आठ सेकंद. दुपट्ट्यानं पुसतात, थांबतात, वर पाहतात.

"पुन्हा लाव."

लावलं.

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग प्रणालीच्या गुडघ्यावर थाप मारली. "पाहिलं न व त्यायनं. तू कायले म्हनत होती नाही पाहिलं?"

"पाहिलं आई," प्रणाली म्हणाली. "मलेच नाही दिसलं."

मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो. कूलर भरलेला होता.

जाताना काकू उंबऱ्यात थांबल्या. "बाबू, हे वर पाहतात तेवढा फोटो मोठा करून दे. भितीवर लावाले एकबी नाही त्यायचा. आधार कार्डाचा हाय, त्यात थे चोरावानी दिसते." हसल्याही. काका गेल्यावर पहिल्यांदा आई हसली असेल, असं प्रणालीच्या चेहऱ्यावरून वाटलं. ती जिन्यात मागं राहिली. मला वाटलं काही बोलेल. माझ्या हातातला डबा रिकामा करून मागितला, बस.

१९ मे

शुभांगीला सगळं सांगितलं. आधी चिडली. मग पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बाप पोरीवर जीव टाकत होता, तेवढंच पाहिलं न तिनं. त्यात खोटं काय?" दोन पोळ्यांनंतर म्हणाली, "पण भिंतीवर नका लावू." का, ते तिलाही सांगता येईना.

मला सांगता येतं. काकांनी मान खाली घातली होती. ते त्यांचं होतं, सगळ्या जन्माचं. उद्या तिथं जो फोटो लागेल त्यात ते तोंड वर करून बघतील, येणाराजाणारा हात जोडेल, आणि दोन वर्षांत काकूंनाही हेच आठवेल. मग खाली बघणारा माणूस कुठंच उरणार नाही. दिलीपच्या डोक्यात तेवढा राहील. आणि प्रणालीच्या, तिनं राहू दिला तर.

पण हे काकूंना तोंडावर सांगायचं म्हणजे नवरा दुसऱ्यांदा काढून घ्यायचा. ते माझ्यानं होत नाही. फोटो देणंही होत नाही.

मासोळी शिजवली नाही अजून. शुभांगीनं बरणीत भरून वर ठेवली.

२१ मे

दिलीप आला. त्याला बाजारात कोणी सांगितलं, काकू सगळ्यांना सांगताहेत, व्हिडिओत आहे म्हणून, वर पाहतात म्हणून. लोकही आता म्हणतात, हो, पाहिलं होतं, आम्ही तिथंच होतो.

"एक जण तं मलेच सांगून राहिला," दिलीप म्हणाला. "मले. कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

मग माझ्या खुर्चीवर बसला. "संज्या, खरं सांग. मी नीट पाहिलं होतं न? का पाहिलं असन त्यायनं, अन् मीच..."

"नाही पाहिलं त्यांनी," मी म्हटलं. मी तिथं नव्हतोसुद्धा.

२३ मे

सकाळी धाकटीचा निरोप. नवीन रूप आणलंय, पहिल्याहून दसपट चांगलं, अभिनंदन. जुन्या खात्यातल्या क्लिपा आज संध्याकाळी काढून टाकण्यात येतील. ठेवायच्या असतील तर बटण दाबा.

बटण हिरवं आहे.

न दाबता बसलो तरी चालतं. मला काहीच करावं लागत नाही. संध्याकाळ होईल आणि ती आपोआप जाईल, मार्चमध्ये गेलं तसंच. मग काकूंना सांगता येईल की मशीननंच पुसलं, आणि ते खरंही असेल. इतकं सोपं खरं मला या वर्षात कोणी दिलं नव्हतं. त्याचीच भीती वाटते.

दुपारी थोरलीवर काम करायचा प्रयत्न केला. एका पंगतीपाशी अडकलो, तीच ती माणसं तोच तो भात मागताहेत, तीनदा मागं घेतलं. मग लाईट गेली. मिलही थांबली, खालचा रस्ता एकदम गप्प झाला. मोबाईलवर अजून थोडी बॅटरी आहे, बटण त्यावरही दिसतं.

आत्ता प्रणालीचा फोन येऊन गेला. ती दोन दिवसांपासून माहेरीच आहे. फोटोचं काही विचारलं नाही तिनं, मला वाटलं विचारेल. इकडचं तिकडचं बोलली. गरमी, सासूचं गुडघ्याचं. मागं ठक ठक आवाज येत होता.

मी विचारलं, घरी काही काम काढलं का?

"नाही भाऊ," ती म्हणाली. "जाळं होतं न भितीवर, ते आईनं काढलं. खिळा ठोकून राहिली हाय तिथं."